मेंढरांच्या पायाला स्कॉटलंडची व्हिस्की

कडुबा वाळूजच्या माळावर मेंढरं चारायचा. तो माळ कारखान्यांसाठी गेला आणि कडुबा तिथंच एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर वॉचमन झाला. नामांतराच्या आंदोलनात एकदा तीन दिवस सगळं बंद होतं. स्वयंपाकी आलाच नाही. मशीन बसवायला स्कॉटलंडहून आलेला मॅकसाहेब आत उपाशी. कडुबानं त्याला तिन्ही दिवस घरून भाकरी-पिठलं आणून खाऊ घातलं. जाताना साहेबानं बॅगेच्या तळातून एक बाटली काढली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली.

कडुबाच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यानं ती बायकोच्या, मनकर्णाबाईच्या, हवाली केली. "साहेबाचं मन मोडवंना. ठिव कुठंबी."

वर्षभरानं साहेबाचं पत्र आलं. मॅनेजर बद्रीनाथसाहेब ते वाचता वाचता खुर्चीतून उठलेच. "कडुबा, ही व्हिस्की जिथं व्हायची त्या कारखान्याला टाळं लागलं! जगात आता अशी पुन्हा होणार नाही. बाटली आहे ना?"

"आसंल की."

साहेबांनी त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट त्याचं घर गाठलं.

मनकर्णाबाईनं बाटली आणली. तळाला दोन बोटं उरली होती, तीही पिवळीधम्मक.

"बाकीची?" साहेबांचा आवाज चिरकला.

"मेंढरू लंगडाया लागलं की चोळते. हळद घातली म्हंजे लई गुण येतो." तिनं दारातल्या एडक्याकडं बोट केलं. "त्याला सकाळीच चोळलीया."

साहेब एडक्यापाशी वाकले आणि डोळे मिटून त्याच्या पायाचा वास घेत राहिले. एडका अवघडून उभा. मग त्यांनी पेला मागितला, उरलेली ओतली आणि उभ्या उभ्या प्यायले.

"कशी हाय?" कडुबानं विचारलं.

"हळद जरा जास्त झाली."

"आनखी एक मागवा की," मनकर्णाबाई म्हणाली.

"अहो बाई, कारखानाच बंद पडला!"

वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. कारखाना बंदही पडतो, हे कडुबाला ठाऊकच नव्हतं.

"मग तिथल्या वॉचमननं काय केलं, साहेब?"

साहेबांनी पत्र पुन्हा उलटून पाहिलं. त्यात वॉचमनचं काही नव्हतं.

चार दिवसांनी कडुबानं ऑफिसातल्या टायपिस्टाकडून मॅकसाहेबाला उत्तर लिहून घेतलं: एडका आता बरा चालतो, आणि तुमच्याकडचा वॉचमन रिकामा असंल तर इकडं धाडा. रातपाळीला माणूस पायजे.