रेडिएटरमधली हळद

गावी घरची शेती करणाऱ्या मोठ्या भावाने गिरडला जायचं म्हणून माझी जीप नेली आणि महिन्याने नालवाडीत आमच्या दारासमोर आणून उभी केली. गाडी गरम होते हे काही त्याने सांगितलं नाही. ते मला समुद्रपूरच्या रस्त्यावर बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा कळलं.

रविवारी इंजिन थंड असताना मी रेडिएटरचा खालचा नळ उघडला. कोऱ्या चहासारखं गंजाचं लाल पाणी आलं. कूलंटच्या जागी याने विहिरीचं पाणी भरलं होतं. मी गरम पाण्यात निंबूसत्व विरघळवून आत ओतलं, अर्धा तास इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं आणि पुन्हा नळ उघडला. या वेळी गंजाच्या खपल्यांबरोबर पिवळा चिखल बाहेर आला.

मी फोन लावला.

"गळून राह्यलं होतं, म्हणून दोन मुठी हळद टाकली," तो म्हणाला. "इकडे सगळेच टाकतात. काऊन, का झालं?"

हळदीने गळती थांबते, हे खरं. सोबत रेडिएटरच्या नळ्याही तुंबतात. तोंडात शिवी आली होती, पण आई बाजूलाच बसली होती.

गुडघ्यांना लेप लावायला घरची हळद पाठव, असा निरोप तिने त्याला दोनदा दिला होता. यंदा हळद झालीच नाई, असं त्याने कळवलं होतं.

आई वाकली. तो चिखल बोटावर घेऊन तिने हुंगला.

"आपल्याच वावरातली हाय," ती म्हणाली आणि बोट पदराला पुसून आत गेली.