राखाडी हळद

माझ्या सख्ख्या बहिणीच्या हळदीच्या एकाही फोटोत हळद दिसली नाही, आणि या प्रकाराला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

तेव्हा मी मनीषनगरात झाडं तोडण्याविरुद्ध पत्रकं काढायचे आणि उरलेल्या वेळात ब्लॅक अँड व्हाईट फोटो. धंतोलीतल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून रोलचा कॅमेरा आणि फोटो मोठे करायचं जुनं यंत्र आणलं होतं. बाथरूमच्या खिडकीला मोर्च्यातून उरलेले काळे झेंडे ठोकले की डार्करूम तयार. (घरच्यांच्या आंघोळी मग शेजारी. चळवळीला त्याग लागतोच!)

ताईच्या हळदीला बाहेरचा फोटोग्राफर नको, मी काढते, असं मी जाहीर केलं. वर दारात उभी राहून प्रत्येक पाहुण्याला पत्रक दिलं, 'मोबाईल ठेवा, माणसं बघा!', आणि सगळ्यांचे फोन टोपलीत जमा केले. खाप्याच्या मावशीनं फोन टाकण्याआधी एकच गोष्ट विचारली.

"त्या डब्ब्यात पिवळा येते का वं?"

"मावशी, रंग म्हणजे बाजारानं आपल्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी आहे."

"मी काय विचारून राहिली, तू काय सांगून राहिली," म्हणत मावशी हळद कालवायला गेली. त्या दिवसातला सर्वात शहाणा प्रश्न मी फोनसोबत टोपलीत टाकला होता.

लग्न झालं. आठ दिवसांनी ताई नवऱ्यासोबत बंगळुरूला निघणार होती आणि जाताना तिला हळदीचे फोटो हवे होते. माहेरून आणखी काही नको म्हणाली. मी बाथरूममध्ये शिरले.

लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात कोरा कागद हलवत बसायचं. आधी काहीच नसतं. मग तळातून धुकं वर यावं तशी एक भुवई येते, मग गाल, मग हसणं. बाहेर आईच्या कुकरची शिट्टी व्हायची, ती दुसऱ्या गावातून आल्यासारखी ऐकू यायची. माझ्या बोटांखाली ताई पुन्हा पुन्हा नवरी होत होती. छत्तीस फोटो होईपर्यंत तीन दिवस मी रडत होते, हे मलाही कळलं नव्हतं. (आंघोळीसाठी ताटकळलेल्या बाबांना कळलं होतं. ते वेगळ्या कारणानं रडकुंडीला आले होते.)

फोटो ताईपुढे मांडले. तिनं एका फोटोतल्या गालावर बोट ठेवलं.

"तोंडाले हे काय आहे?"

"हळद."

"हळद अशी राहते? हे सिमेंट आहे."

मावशीनं फोटो हातभर लांब धरला. "राख फासल्यावाणी दिसून राहिली वं पोरगी. अन् फासून कोण राहिलं? मी!"

"पिवळा यात फिकट राखाडीच येतो," मी पत्रक वाचावं तशी म्हणाले. "त्यात एक प्रामाणिकपणा आहे."

"दुसऱ्या कोणाजवळ फोटो आहेत?" ताईनं विचारलं.

कोणाजवळच नव्हते. टोपली माझ्याच ताब्यात होती ना! ताई रडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "सासूबाईले काय दाखवू? तुह्यं पत्रक?"

आई उठली. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीसाठी येते, त्यातली चिमूटभर तिनं देवघरात राखून ठेवली होती. तिनं वाटीत पाणी घातलं, कान साफ करायची कापसाची काडी बुडवली आणि ताईच्या सिमेंटच्या गालावर अलगद टेकवली. गाल पिवळा झाला. मग आईनं काडी माझ्या हातात दिली.

"घे. रंगव आता. पस्तीस राहिले."

ताईनं ते फोटो बंगळुरूच्या घरात भिंतीभर लावले. तिथे खिडकीतून छान ऊन येतं. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत आहे, मला नव्हतं.

म्हणून दर दिवाळीला ते छत्तीस फोटो फिके होऊन माहेरपणाला येतात. रंगाला बाजाराची पट्टी म्हणणारी मी कापसाची काडी घेऊन मान मोडेस्तोवर पिवळा रंग भरत बसते. मावशी शेजारी चिवड्याची वाटी घेऊन बसते आणि दरवर्षी तेच विचारते.

"पिवळा येते का वं?"

"येते, मावशी," मी म्हणते. माझ्या नाकालाही लागलेला असतो.