त्रिकोण परत करा

अन्याय झाला तो आमच्या चिकलठाण्याच्या गॅरेजवाल्या मामूंवर. कधी? गेल्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या जुम्म्याला, ते दुपारच्या नमाजाला गेले तेव्हा.

"दस्तरखान ओलांडायचा नाय!" हे मामूंचं पहिलं वाक्य, सलामाच्याही आधी. इंजिन खोलायचं असलं की गॅरेजच्या दारात दस्तरखान, म्हणजे जेवताना पसरायचं लाल कापड, अंथरायचे आणि एकेक भाग, निघेल त्याच क्रमानं, धुऊनपुसून त्यावर मांडायचे.

"मामू, लोखंड जेवणार का?" मी विचारलं. मोर्चे मी काढतो, म्हणून मामू मला लीडर म्हणतात.

"लीडर, जेवणावर कुनी पाय देत नाय. लोखंडावर समदे देतात."

पिस्टन नसलेलं इंजिन तुम्ही पाहिलंय? मामूंनी भंगारातून उचललेल्या जपानी गाडीत होतं. पिस्टनच्या जागी दोन फुगीर लोखंडी त्रिकोण, गरगर फिरणारे. मामू ते शर्यतीच्या तोडीचं बांधत होते. हवा जास्त ओढावी म्हणून ती आत जायची तोंडं घासून मोठी केलेली, त्रिकोणांच्या टोकांना नव्या पट्ट्या. "वेरूळच्या घाटात एकदा असं बोंबलंल, लेण्यातले हत्ती मान वळवतील!" मग तो आवाज तोंडानं काढायचे. रिक्षावाले खरोखर बाजूला व्हायचे.

आणि हे इंजिन दस्तरखानावर मांडलेलं असताना, त्याच जुम्म्याला, शेजारच्या सोसायटीनं स्वच्छता मोहीम काढली. पत्रकात काय, तर 'नको असलेलं लोखंड कापडावर मांडून दाराबाहेर ठेवा.' मीही पत्रकं लिहितो. असलं पत्रक चुलीत घालावं! स्वयंसेवक आले, दस्तरखान पाहून गहिवरले आणि सगळं पोत्यात भरून घेऊन गेले.

मामू परतले तर सोसायटीचे अध्यक्ष तुळशीचं रोप घेऊन उभे. "मामू, इतकं स्वच्छ भंगार कुणीच दिलं नाही हो!"

मामूंनी रिकाम्या दस्तरखानाकडं बघितलं. मग रोप हातात घेतलं. "याला पानी किती लागतं?"

भंगारवाल्याकडून सगळं परत मिळालं, एक त्रिकोण सोडून. तो कुणीतरी पोत्यातूनच शोभेला उचलला होता. जोडी वजनाला वजन जुळवलेली. दुसरा कुठून आणणार? मी म्हणालो, मोर्चा काढू.

"नक्को रे लीडर. चोर नाय तो. आवडला, नेला. पर आवडला तर विचारायचं ना?"

मामूंनी शटर ओढलं, किल्ली मला दिली आणि पैठणला लेकीकडं निघून गेले. "मिळाला तर बोलाव. तवाच येतो." आत दस्तरखान अजून अंथरलेला आहे, मधोमध तेवढी एक जागा रिकामी. तुळशीला पाणी मी घालतो. माजलीय नुसती.

तर सोसायटीकरांनो, उठा. दाराला काय टेकण लावलंय, फुलदाणी कशावर ठेवलीय, बघा. फुगीर त्रिकोण, मधे गोल भोक, भोकाला आतून दाते. असेल तर आजच घेऊन या. शटर मी उघडतो, तुमच्या हातानं जागेवर ठेवा.

आणि दस्तरखान ओलांडू नका.