काजूच्या वासामागे सायकल

मंडळी, आज सकाळी दोडामार्गच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन पर्यटक मुलींनी मला विचारलं, "काकू, काजूची दारू गाळायची भट्टी कुठे बघायला मिळेल?" आणि ऐंशीच्या दशकातली माझी सायकल आठवली.

तेव्हा मी इथल्या शाळेत नवी शिक्षिका होते. एका रविवारी आंबूस-गोड वास आला. तो येतो कुठून, हे बघायला मी सायकल थेट काजूच्या बागेत घातली.

आत एक बाई दगडी कुंडीत काजूची बोंडं, म्हणजे बीवरची रसाळ फळं, तुडवत होती. मला बघताच, धाड पडली समजून ती घाबरली.

"खंयच्या हापिसातसून इलात? भट्टी मोडूक?"

"नाही हो, शाळेतली बाई मी. वास आला म्हणून आले."

तिचा विश्वास बसेना. मग मी चपला काढल्या, साडी खोचली आणि सरळ कुंडीत उतरले.

थोडा वेळ बघून ती खळखळून हसली. "अगो बाय, तुका तुडवूक येणा नाय! टाच मार, टाच!"

निघताना तिने ताजा रस पाजला. घसा खवखवला, तरी मी पुन्हा मागितला. साडीवरचे डाग मात्र कधीच गेले नाहीत.

नुसत्या वासामागे तुम्ही कधी कुठवर गेला आहात?