तांडेलांना दोर कळला होता

गिरगावात आमच्या वाडीत एक जुने खलाशी राहत. सारी वाडी त्यांना तांडेल म्हणे. कुठलाही दोर दिसला, विहिरीचा असो की बैलगाडीचा, की तो दोन बोटांत चोळून निकाल द्यायचे, "ह्यो म्हैनाभर टिकंल." आगबोटीच्या डोलकाठीवर असताना दोर तुटून ते खाली पडले, कंबर कायमची गेली, आणि कंपनीनं त्यांना रिकाम्या हातानं घरी धाडलं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. भरपाईचा अर्ज मीच लिहिला.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी बजावलं, "तांडेल, दोर सडका होता हे ठाऊक नव्हतं, एवढंच सांगा. नाहीतर धोका तुम्हीच पत्करला म्हणतील."

"बरं," म्हणाले.

कंपनीच्या वकिलानं हसत विचारलं, "एवढे मुरलेले खलाशी तुम्ही, आणि दोर कळला नाही?"

काठीवर रेललेले तांडेल ताठ झाले. "मला नाय कळनार? हात लावताच कळला. कुजलेला व्हता."

महिनोन्‌महिने खपून उभं केलेलं प्रकरण एका वाक्यात बुडालं! जिन्यावर मी ओरडलोच, "कळलं होतं, तर चढलात कशाला?"

"मी नसतो चढलो, तर कप्तानानं दुसऱ्या कुनाला चढवला असता. त्याला नसतं कळलं."

"अहो, मग हे आत का नाही सांगितलंत?"

"ह्ये त्यांनी इचारलं कुठं?"