मैत्रिणीचा ठिपक्यांचा कॅमेरा

माझी एक मैत्रीण मोठ्या दुर्बिणींसाठी कॅमेरे तयार करते. ती केनवडची. एम.एस्सी.ला अमरावतीच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो आणि एकाच पुस्तकातून अभ्यास करायचो, कारण ग्रंथालयात दुसरी प्रत नव्हतीच. आज ती परदेशातल्या एका डोंगरावर काम करते आणि मी वाशीमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तिची आई बाजारात भेटली की पिशवी खाली ठेवून आधी लेकीचं सांगते. ते ऐकताना चेहऱ्यावर हसू धरून ठेवून माझा जबडा दुखतो.

मागच्या हिवाळ्यात ती गावी आली. आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या मैत्रिणीचं व्याख्यान ठेवू या."

"विचारलं सर. तिला वेळ नाही," मी सांगून टाकलं. मी तिला विचारलंच नव्हतं.

नुसता हेवा असता तर मी कदाचित विचारलं असतं. पण मला भीतीही होती. कॉलेजात मी सगळ्यांना सांगत आले होते, की एम.एस्सी.नंतर एका संशोधन संस्थेत आम्हा दोघींची निवड झाली होती, पण माझ्या वडिलांनी मला पाठवलं नाही. खरं म्हणजे मुलाखतीत ती पास झाली आणि मी नापास. वडील तर स्वतः माझ्यासोबत आले होते, संस्थेच्या फाटकाबाहेर दिवसभर बसून होते. हे जाणणारी आता ती एकटीच उरली होती.

चार दिवसांनी ती न कळवताच एसटीने कॉलेजात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला वेळ नव्हता म्हणे?" प्राचार्यांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "नव्हता सर. आज निघाला."

तिने मला सांभाळून घेतलं, याचाच मला जास्त राग आला.

तासाभरात हॉल भरला. तिने बादलीभर पाणी मागवलं, तळाशी एक नाणं टाकलं आणि मला म्हणाली, "तू पानी हालवत राह्य वं." माझ्याच विद्यार्थ्यांसमोर मी बाही वर करून पाणी ढवळत बसले. मुलं वाकून पाहत होती. नाणं थरथरत होतं, फुटत होतं.

"तारा आपल्याले असाच दिसते," ती म्हणाली. "वर हवा हालून राह्यली. दुर्बीण केवढीबी मोठी घ्या, जास्त वेळ फोटो काढला की तारा फिसकटते. म्हणून आमचा कॅमेरा सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात फोटो काढते, हवा हालायच्या आत. असे हजारो. एकेका फोटोत नुसते ठिपके दिसतात. पण तिथं दोन तारे असले, तर ठिपक्यायच्या जोड्या पडतात, आन् हरेक जोडीतलं अंतर सारखंच राह्यते. कंप्युटर सारे फोटो मिळून ते अंतर शोधते."

मग पडद्यावर तिने एक धूसर गोळा दाखवला. त्याच्या शेजारी तोच गोळा, तिच्या कॅमेऱ्यातून. दोन स्वच्छ बिंदू. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी बारा वर्षं शिकवते आहे, माझ्या तासाला अशा टाळ्या कधी पडल्या नाहीत.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, तुमच्यासंगं आमच्या मॅडमचीबी संशोधन संस्थेत निवड झाली होती ना?"

हॉल माझ्याकडे पाहत होता. मैत्रीण पाण्याची बाटली उघडत सावकाश म्हणाली, "आमी दोघी मुलाखतीले गेलो होतो."

एवढंच. खोटं नाही, खरंही पूर्ण नाही. मला तिथेच थांबता आलं असतं. पण फाटकाबाहेर बसलेले वडील डोळ्यांपुढे आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी निवड झाली नव्हती. मला उत्तरं आली नाहीत. वडिलांनी अडवलं नव्हतं, मी खोटं सांगत होते."

कोणी हसलं नाही. प्राचार्यांनी मान खाली घातली. मग मागून एका मुलाने विचारलं, "मॅडम, पाऊस आला तर कॅमेऱ्याचं काय करता?" आणि व्याख्यान पुढे चालू झालं.

बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा तिने विचारलं, "मले बोलावलं काहून नाही वं?"

"जळत होते तुझ्यावर."

"आन् आता?"

"आताबी."

ती हसली नाही. बसच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "त्या दिवशी फाटकापाशी तुह्या बाबाइनं मले एक संत्रं देल्लं होतं. म्हणे, भेव नको, तुमी दोघी हुशार आहा, दोघी मिळून खा. मी ते मुलाखतीच्या आधीच एकटीनं खाल्लं." बस सुटली.

परवा तिने नव्या कॅमेऱ्याचा फोटो पाठवला. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, निळ्या रंगात ठिपके जास्त विस्कटतात का? तिचं उत्तर लांबलचक आलं. त्यातलं अर्धं मला कळलं.