सुनीचा वाल

अक्का गेल्याचा भाचीचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. बहुतेक बातम्या मला जेवतानाच गाठतात, कारण उरलेला वेळ मी जेवणाची वाट पाहत असतो... शहापूरहून मुरबाडला पोहोचलो, अक्काच्या ओट्यावर चपला काढल्या, तेव्हा लक्षात आलं की उष्टा हात धुवायचाच राहिलाय.

माझी ही थोरली बहीण डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर पहिली-दुसरीला शिकवायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे बाईंची खरी परीक्षा हिवाळ्यात. भात झोडून झालं की पाड्यावरची घरं एकेक करून वीटभट्टीवर निघायची आणि आईबापांमागे वर्गही. अक्काने त्यावर वाल शोधला. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेमागच्या ओलीत प्रत्येक पोराने आपला एक दाणा पेरायचा. मग रोज सकाळी सगळा वर्ग काखेत हात घालून कुडकुडत उन्हाला यायचा. सुतळीने वेल मोजायचा, पानं मोजून बेरजा करायच्या, फुलाचं चित्र काढायचं. नियम एकच, ज्याचा वेल त्यानेच शेंगा तोडायच्या. त्या शेंगांपायी कितीतरी पोरं आजीजवळ मागे राहायचा हट्ट धरत आणि शाळेत टिकत.

माझ्यासारख्या खादाडाला हा नियम फार जाचक. एकदा अक्काला भेटायला गेलो तर एक वेल शेंगांनी लगडलेला. मी हात पुढे केला.

"बाळ्या, हात मागं घे! सुनीचा हाय तो."

"कुठंय तुझी सुनी?"

"भट्टीवर गेली."

"मग खाणार कोण गो अक्का?"

"कोणी नाय. वाळू दे. बी धरीन, आली का तिच्या हातात देईन."

सुनी दुसरीतली. बापाने बोचकं बांधलं तरी ती वेलापाशीच बसून होती. जाताना म्हणाली, "बाई, माज्या वालाला पानी घाला."

पावसाआधी बाकीची घरं परतली. सुनीचं आलं नाही. कोणी म्हणे भिवंडीकडे गेले, कोणी म्हणे आणखी लांब. अक्का भट्ट्यांवर विचारत हिंडली... पत्ता लागला नाही. ठेवलेलं बी जुनं होऊन मरू नये म्हणून पुढच्या हिवाळ्यात तिने ते पेरलं, नवं धरलं. मग दर हिवाळ्यात तेच. बदली झाली, निवृत्ती आली, तरी मुरबाडच्या परसात कुंपणावर सुनीचा वेल होताच.

मी चिडवायचो, "अक्का, तुझ्या सुनीला एव्हाना पोरं झाली असतील."

"मग त्यांना लागंल ना पेरायला!"

यंदाचाही तिनेच पेरला होता. फुलं बघायला मात्र राहिली नाही.

मागच्या महिन्यात मी पुन्हा मुरबाडला गेलो, तेव्हा भाची टोपली घेऊन परसात आली. "मामा, शेंगा कोवळ्या आहेत. तुमच्यासाठी भाजी टाकू?" तिने प्रेमानेच विचारलं होतं. जिचा वेल ती नाही, जिने पेरला तीही नाही... जन्मात पहिल्यांदा मी खायला नको म्हणालो.

"वाळू दे."

आता शेंगा पिवळ्या पडू लागल्यात. अक्का ज्या फडक्यात बी बांधायची ते भाचीने धुऊन कुंपणावर, वेलाशेजारीच वाळत घातलंय. बी धरायचं कसं हे मी कधी विचारलं नव्हतं. मला फक्त खायचं ठाऊक. पण शिकेन म्हणतो. सुनी आलीच, तर तिच्या हातात द्यायला कोणीतरी हवं.